जुन्या डोळ्याच्या खोडी

भोइटे मॅडमच्या कपाळावर मला दोन टिकल्या दिसल्या. एक त्यांची नेहमीची, मरून. दुसरी तिच्या बोटभर वर, पांढरीशुभ्र आणि लखलखीत. मी गळ्याचं माप घेत होतो. म्हटलं, असेल बाई काही नवी फॅशन, आपण कशाला बोला. पण मॅडम आरशाकडे वळल्या आणि ती पांढरी टिकली मागं हवेतच राहिली. मी भिंतीकडे बघितलं तर ती भिंतीवर. इस्त्रीकडे बघितलं तर इस्त्रीवर. दारात माझी बायको रोहिणी चहा घेऊन उभी होती, तर नेमकी तिच्या नाकाच्या शेंड्यावर.

"टक लावून काय बघताय? चहा गार होतोय," ती म्हणाली.

"तुझ्या नाकावर काजवा बसलाय."

ती हसली, भोइटे मॅडमही हसल्या. मला मात्र हसू येईना. काजवा नाकावर नव्हता, माझ्या डोळ्यात होता.

मी दिगंबर माळवदे. फलटणात माळवदे लेडीज टेलर्स म्हणून विचारा, कुणीही दुकान दाखवेल. शिंप्याच्या घरात जन्मून नाव दिगंबर, यावर करता येतील तेवढे विनोद गावानं करून झालेत, तुम्ही नवीन करू नका. माझे जन्माचे डोळे चाळिशीतच गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून बघावं एवढंच उरलं, आणि शेवटी तेही मिटलं. पुढची काही वर्षं मी खुर्चीत बसून रोहिणीवर खेकसण्याचं काम केलं. ते मी फार मन लावून केलं असं ती सांगते.

मग 'तेजोनेत्र' कंपनीचा डोळा बसवून घेतला. आता तो काही नवलाचा राहिलेला नाही, पण तेव्हा आमच्या तालुक्यात मी पहिलाच. चष्म्याच्या मधोमध, नाकाच्या वर, शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा. त्याच्या आत नखाएवढी चकती, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्यानं आपल्यात पडलेला उजेड मोजायचा आणि तेवढी वीज सोडायची. ती मोजदाद बिनतारी जाते माझ्या कवटीच्या आत, मागच्या बाजूला, जिथं मेंदू बघण्याचं काम करतो तिथं पसरलेल्या एका तलम जाळीकडे. जाळी मेंदूला चिमटे काढते आणि मला दिसतं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी दिसले ते फक्त चिमटे. कुठला चिमटा म्हणजे खिडकी आणि कुठला म्हणजे रोहिणी, हे मेंदूला शिकायला वर्षाचा बराच भाग लागला. रोहिणी रोज समोर बसून वाटी, चमचा, कांदा हातात धरायची आणि मी चुकीचं सांगायचो. पण शिकलो. सुईत दोरा ओवला त्या दिवशी आम्ही दोघांनी गल्लीत पेढे वाटले होते.

तर त्या डोळ्यात आता काजवा आला होता. रोहिणीनं कंपनीला फोन लावला. तिकडून सांगितलं, "एखादा खळगा बिघडतो आणि उजेड नसतानाही 'उजेड, उजेड' म्हणून ओरडत राहतो. घाबरू नका, पुढच्या तपासणीला बघू." आम्ही घाबरलो नाही. एका काजव्याचे तीन झाले तरी मी ब्लाउज शिवत राहिलो.

तेवढ्यात आली खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. शिलाई मशीन, कात्र्या, इस्त्री, टेप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी मशीनला पाय लावायचा नाही. डोळा आल्यापासून तोही पाटावर बसायचा. तो माझं हत्यारच नाही का? मी चष्मा काढून रोहिणीच्या हातात द्यायचो आणि पूजा होईपर्यंत आपणहून आंधळा बसायचो. ती दरवर्षी चष्म्याच्या काडीला कुंकवाचं एक बोट लावायची. पण यंदा डोळा आजारी. आजारी माणसाला अंगारा जरा जास्तच लावतात.

"बटणाला पण लावू का हो?" रोहिणीनं विचारलं.

"लाव की. चांगलं चिमूटभर लाव," मी म्हटलं.

लक्षात ठेवा, हे मीच म्हटलं.

दसऱ्यानंतर चित्राच्या डाव्या कोपऱ्यात दूध सांडल्यासारखं झालं. मग ते दूध पसरायला लागलं. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकांची रांग, आणि मला कापडाची डावी कड दिसेना. सुई बोटात गेली. एका नव्या नवरीचा ब्लाउज मी उलट्या बाजूनं शिवला. दिवाळी संपेपर्यंत अर्ध्या चित्राचं दूध झालं होतं. मग मात्र आम्ही पुण्याची एसटी पकडली.

कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात इरावती केळशीकर नावाची इंजिनिअर मुलगी होती. दुधाआड तोंड नीट दिसेना, पण आवाजावरून तिशीच्या आतली. तिनं चष्मा घेतला आणि कॅमेरा उघडला.

"काका, यात लाल पावडर आहे."

"कुंकू आहे ते," रोहिणी म्हणाली. "खंडेनवमीचं."

मग तिनं मुख्य कचेरीतल्या पाठारे साहेबांना पडद्यावर बोलावलं. पाठारे साहेब गोड बोलत होते. डोळ्यात परकीय पदार्थ आढळला की हमी संपते. आणि हमीबाहेरचा डोळा कंपनी दुरुस्तच करत नाही, कारण थेट मेंदूशी संबंध, जबाबदारी कोण घेणार. दुसऱ्या कुणाचा कॅमेरा माझ्या डोक्यातल्या जाळीला चालत नाही. म्हणजे दूध पूर्ण पसरलं की संपलं. सगळं गोड आवाजातच सांगितलं त्यांनी.

मला फक्त ती खुर्ची आठवत होती.

रोहिणी मात्र बोलली. "परकीय? कुंकू परकीय होय? आणि तुमचा डोळा काय फलटणात उगवला? अहो, काजवे दिसले ते पूजेच्या आधी. मी फोन केला तेव्हा तुमचीच माणसं 'घाबरू नका' म्हणाली. आता कुंकू सापडल्यावर सगळं माझ्या माथी?"

"ताई, आम्ही भावना समजू शकतो..."

"भावना नका समजू. डोळा समजून घ्या."

इरावतीनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तिनं माझा सेन्सर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि चित्र मोठ्या पडद्यावर टाकलं. ती साहेबांना सांगत होती, पण प्रत्येक गोष्ट आमच्यासाठी सोपी करत होती.

"सर, हे कुंकू बघा. ते बाहेरच्या काचेवर आहे आणि कडेच्या रबरात आहे. आता हा पांढरा डाग बघा. हा काचेच्या खाली आहे, थेट सेन्सरच्या अंगावर. काच आणि सेन्सर ज्या थरानं चिकटवलेत तो थर सुटलाय आणि त्यातून दमट हवा आत शिरलीय. ही काच कारखान्यात कायमची बंद होते. तिच्याखाली कुंकवाचा एकही कण नाहीये. डाग कुंकवानं पडलेला नाही, सर. आपला थर सुटलाय."

पडद्यावरचा गोड आवाज जरा कोरडा झाला. "केळशीकर, हे असं गिऱ्हाइकासमोर बोलायचं नसतं. तो तुकडा काढून, सीलबंद करून पुरावा म्हणून इकडे पाठवा. तक्रार उघडी ठेवा. वर विचारून कळवतो."

"आणि तोपर्यंत काका काय करतील?"

त्यावर पडदा बंद झाला.

आम्ही रिकामा चष्मा घेऊन परत आलो. अर्धं दूध तर अर्धं दूध, पण निदान अर्धं दिसत होतं. आता काहीच नव्हतं. मी पुन्हा खुर्चीत. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. अंधाराची नव्हे, अंधाराची सवय होते. मला माझी भीती वाटत होती. पहिल्या वेळेस मी किती वाईट वागलो होतो ते मला आठवत होतं, आणि आता तोच माणूस हळूहळू अंगात येत होता. एका दुपारी मी रोहिणीला म्हणालो, "तुला कुंकू लावायला हात लांब करायची काय गरज होती?"

ती काहीच बोलली नाही. रोहिणी बोलली नाही म्हणजे किती लागलं असेल! मी लगेच म्हटलं, "मीच सांगितलं होतं, मला माहितीय." ती म्हणाली, "माहितीय ना, मग बोलू नका तसं." तेवढ्यावर ते संपलं, पण माझं मन मला खात राहिलं.

शेवटी इरावतीचा फोन आला. अजून बऱ्याच जणांचे थर सुटले होते, सगळे त्याच सुमाराच्या मालातले. कंपनी नवा सेन्सर बसवून देणार होती. रोहिणीनं फोन स्पीकरवर ठेवला आणि देवासमोर जाऊन दिवा लावला. मी आवाजावरून ओळखलं, काडी तिसऱ्यांदा पेटली.

नवा सेन्सर जुन्यापेक्षा कितीतरी चांगला होता म्हणे. एकही खळगा बिघडलेला नाही, उजेड दुप्पट टिपतो, रंग अगदी खरे. पुण्याच्या केंद्रात इरावतीनं चष्मा माझ्या नाकावर बसवला. "तयार, काका?"

चित्र चालू झालं.

उजेड आला. भरपूर आला. रंग आले, कडा आल्या, सावल्या आल्या. आणि त्यातून काही म्हणता काही होईना. कापड कळत होतं, कपडा कळत नव्हता. समोर गुलाबीसर, हिरवं, हलणारं असं काहीतरी होतं. हिरवं म्हणजे साडी असणार, रोहिणी सकाळी "हिरवी नेसलेय" म्हणाली होती. म्हणजे वरचं गुलाबीसर तिचं तोंड असणार. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं तोंड होईना.

"दिसतंय का हो?" तिनं विचारलं. आवाज फार आशेचा होता.

"दिसतंय," मी म्हटलं. "छान दिसतंय."

काय करणार? तिनं पडद्यावरच्या साहेबाशी भांडून मिळवलेला डोळा. वर तिच्या कुंकवाचा डाग तिच्या मनातून अजून गेला नव्हता. मी ठरवून टाकलं, शिकून घेऊ हळूहळू, हिला कळू द्यायचं नाही. इरावतीनं एक गुळगुळीत पाटी पुढं धरली. "समाधान झालं असेल तर इथं अंगठा ठेवा, काका. मग तक्रार बंद होईल."

"फार छान," मी म्हटलं आणि अंगठा चाचपडत पुढं नेला. "एकदम छान."

"थांब पोरी," रोहिणी म्हणाली. "अंगठा घेऊ नकोस. यांना काहीसुद्धा दिसत नाहीये."

"दिसतंय म्हणतोय ना मी!"

"मघापासून मी जीभ काढून तुम्हाला वेडावतेय. डोळे तिरळे केले, गाल फुगवले, आणि तुम्ही आपले 'छान, छान' करत बसलाय. एवढी काय छान दिसतेय मी?"

इरावतीला हसू आवरेना, मग तिलाच लाजल्यासारखं झालं. मी अंगठा मागं घेतला. लपवून काय करणार होतो? मी म्हटलं, "तुझं तोंड सापडत नाही गं मला." रोहिणीनं माझा हात घट्ट धरला.

इरावती स्टूल ओढून समोर बसली. "काका, चूक आमची आहे. हे आधीच लक्षात यायला हवं होतं. कुठलेही दोन सेन्सर सारखे नसतात. कुठला खळगा थोडं जास्त सांगतो, कुठला कमी, कुठला उशिरा. साध्या कॅमेऱ्यात या खोडी आम्ही पुसून टाकतो, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून. पण तुमच्या पहिल्या डोळ्यातल्या पुसल्या नव्हत्या, तेव्हा तशी पद्धत नव्हती. तुमच्या मेंदूनं त्या खोडींसकट बघायला शिकून घेतलं. त्याच्या दृष्टीनं खोडी हाच चेहरा होता. आता आम्ही त्याला अगदी शुद्ध चित्र देतोय आणि त्याला ते ओळखूच येत नाहीये."

"मग पुन्हा शिकू. वाटी, चमचा, कांदा," रोहिणी म्हणाली.

"काहींना जमलं, काकू. काहींना नाही जमलं. काकांचं वय वाढलंय, जाळी पण जुनी झालीय. मी खोटा धीर देणार नाही." मग म्हणाली, "पण उलटं करता येईल. जुन्या सेन्सरच्या खोडी मोजून नव्या सेन्सरला द्यायच्या. नव्या डोळ्यानं जुन्यासारखं चुकायचं. फक्त त्यासाठी जुना तुकडा हवा."

"मग आण की."

इरावतीनं पाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"बदललेले तुकडे त्याच आठवड्यात चुरा करतात, काकू. नियम आहे."

ती फोन घेऊन बाहेर गेली. काचेच्या दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. कुणी तिला दुसऱ्याकडे पाठवत होतं, दुसरा तिसऱ्याकडे. समोर त्या सुंदर, निरुपयोगी रंगांचा ढीग हलत होता. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला, त्यापेक्षा अंधार बरा. रोहिणी पुटपुटत होती. देवाचं नाव घेतेय का पाठारेला शिव्या देतेय ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

दार उघडलं. इरावती धापा टाकत होती.

"आहे! काका, आहे तो! चुरा नाही केला. बाकी सगळ्यांचे केले, तुमचा नाही."

"का?"

"कुंकवामुळे. पुरावा म्हणून सीलबंद पिशवीत ठेवला होता ना. कंपनीनं चूक कबूल केली, पण कुंकवाचा वाद मिटला असं लिहून द्यायला कुणी तयारच झालं नाही. जो तो म्हणतो, हे माझ्या खात्याचं काम नाही. म्हणून तक्रार उघडी आणि पिशवी कपाटात. तुम्ही आत्ता अंगठा दिला असता तर मात्र आजच गेला असता."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की मी हसायलाच लागलो. रोहिणीनं मला एक चापट मारली, खांद्यावर, चांगली सणसणीत. "आणि हे निघाले होते 'छान, छान' करत!" मग ती इरावतीला म्हणाली, "पोरी, तुझं तोंड गोड करायचंय मला, पण पिशवीत नुसती शेव आहे." इरावतीनं शेव खाल्ली.

तुकडा पुण्याला आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. इरावतीनं तो एका काळ्या डबीत ठेवला आणि त्याच्यावर सगळीकडे सारखा उजेड टाकला, कधी मंद, कधी जोराचा. ज्या खळग्यानं खऱ्यापेक्षा जास्त सांगितलं त्याचं जास्तीचं टिपलं, ज्यानं कमी सांगितलं त्याचं कमी टिपलं. डागाखालच्या खळग्यांकडूनही जेवढं मिळालं तेवढं काढून घेतलं. डाग आणि काजवे तेवढे सोडले, कारण ते मी शिकलो त्यानंतरचे. बाकी प्रत्येक खोड उचलून तिनं नव्या डोळ्याला चढवली.

"शिकताना सगळा जन्म चुका पुसण्यात गेला. चुका घालतेय मी आज पहिल्यांदाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "एकदा तुम्हाला नीट दिसायला लागलं ना काका, की या खोडी आपण थोड्या थोड्या काढून घेऊ. इतक्या हळू की मेंदूला पत्ता लागणार नाही. मग नवा डोळा खरंच नवा होईल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर मी पुन्हा मोजेन."

हे मला आवडलं. तिनं 'दिसेलच' म्हटलं नाही.

दुपारची वेळ होती. चष्मा नाकावर बसला. रोहिणी समोर स्टुलावर बसलेली, मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं एकच दम दिला, "खोटं बोललात तर बघा."

चित्र चालू झालं.

आधी मळकट उजेड. मग त्या उजेडात एक चौकोन, आणि चौकोन खिडकी झाला. आपोआप झाला, मला काही करावं लागलं नाही. खिडकीखालचं टेबल झालं. टेबलाशी उभी असलेली एक बारकी मुलगी झाली, केस विस्कटलेले, नखं खात उभी. हीच आमची इरावती. मग मी मान वळवली.

रोहिणी होती. तिचं तोंड, तिचं कपाळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जी मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा नव्हती. माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. मला खूप काही बोलायचं होतं. एवढे दिवस अंधारात बसून मी ते मनात जुळवलंही होतं, की दिसलं की हे म्हणेन, ते म्हणेन. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि माझी नजर तिच्या खांद्यावर गेली.

"हा ब्लाउज कुणी शिवला?"

"अं?"

"मुंढा चुकलाय. बाही ओढली जातेय खांद्यावर, चुण्या पडल्यात. हे माझं काम नाही. कुणी शिवला हा?"

रोहिणीनं झटकन पदर खांद्यावर ओढला. "अहो, दिवाळीला... तुम्हाला नीट दिसत नव्हतं, मग मी त्या स्टँडासमोरच्या कळसकराकडे..." पदर खांद्यावरून सुटून तोंडावर गेला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली, आणि टेबलाशी इरावतीनं डोळे पुसले तेही मला दिसलं.

"रडू नकोस," मी म्हटलं. "घरी गेल्यावर उसवून दे. मी नीट करून देतो."